‘ब्रेक’ : एका क्रियापदाचा हजेरीपट

आमच्या निघोज्यात सकाळी पहिल्या पाळीच्या बस सुटतात तेव्हा चौकात पंचवीस-तीस मुले डबे घेऊन उभी असतात. त्यांतला एखादा चार-सहा दिवस दिसला नाही, की कुणीतरी विचारते, “तो कुठंय रे?” उत्तर एका शब्दाचे असते, “ब्रेक.” पुढे कुणी काही विचारत नाही. तो आजारी पडला का, सुपरवायझरशी भांडला का, कंपनी बंद झाली का, यांतली एकही शंका त्या शब्दानंतर उरत नाही. सात महिने भरले, गेटपास जमा झाला, आता दुसरी कंपनी शोधायची, एवढा सगळा मजकूर त्या अडीच अक्षरांत मावतो.

गेली काही वर्षे मी या शब्दाच्या मागे लागलो आहे. मी भाषेचा पदवीधर नाही आणि वकीलही नाही. बी.कॉम. होऊन भोसरीत आणि पुढे चाकण पट्ट्यात वीसेक वर्षे टाइम ऑफिसात हजेरीपट लिहिण्याचे काम केले. पूर्वी कार्डे पंच होत, मग बोटाचा ठसा आला, मग चेहरा ओळखणारे यंत्र आले. पण महिनाअखेरीस माणसांचे दिवस मोजण्याचे काम तेच राहिले. शब्द टिपून ठेवण्याची सवय मला तिथेच लागली. या लेखात येणारी कंपनी ती माझी कंपनी. तिचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

एका क्रियापदाची अनेक मराठी क्रियापदे

‘ब्रेक’ हे इंग्रजीतले अगदी घरगुती क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘ब्रेकन’ असे होते. लॅटिनमधले ‘फ्रांगेरे’ हे त्याच कुळातले क्रियापद, आणि त्यातून फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅगमेंट हे शब्द निघाले. म्हणजे हाड मोडल्यावर डॉक्टर जो शब्द उच्चारतात तो ‘ब्रेक’चा दूरचा भाऊबंद ठरतो. सकाळच्या न्याहारीला इंग्रज ‘ब्रेकफास्ट’ म्हणतो, कारण रात्रभराचा उपास तिथे मोडतो.

इंग्रजाचे एका क्रियापदात भागते, मराठीचे भागत नाही. आपल्याकडे काच फुटते, काठी मोडते आणि दोरी तुटते. यांची अदलाबदल केली तर लहान मूलही हसेल. घट्ट, ठिसूळ वस्तू फुटते. लांबट, ताठ वस्तू मोडते. ताणलेली किंवा जोडलेली वस्तू तुटते. अमूर्त गोष्टींनाही आपण हाच न्याय लावतो. झोप मोडते, लग्न मोडते, शपथ मोडते, नाते तुटते, पेपर फुटतो, संप फुटतो, कोंडी फुटते, तांबडे फुटते. उपास मात्र आपण सोडतो, आणि तो मोडला असे म्हटले तर त्यात थोडा अपराध येतो. पाचशेची नोट मोडतो, बँकेतली ठेव मोडतो. चाकणच्या संग्रामदुर्गाला १६६० साली शाइस्ताखानाने वेढा घातला तेव्हा सुरुंग लावून त्याच्या फौजेने बुरूज फोडला. तिथे ‘मोडला’ किंवा ‘तोडला’ म्हणून चालणार नाही.

इतकी क्रियापदे हाताशी असताना कामगाराच्या बाबतीत मराठीने इंग्रजी शब्द का उचलला, हा माझा पहिला प्रश्न होता. नोकरी तुटली, मोडली किंवा फुटली असे कुणी म्हणत नाही. नोकरी ‘सुटते’ किंवा ‘जाते’. माणसाला कामावरून ‘काढतात’. पण ब्रेक मिळालेला मुलगा काढलेला नसतो. त्याच्यावर ठपका नसतो, चौकशी नसते, आणि काम सुटले म्हणावे तर पुन्हा बोलावण्याचे तोंडी आश्वासनही असते. काढणे आणि ठेवणे यांच्या मधली ही अवस्था गिरणगावच्या मराठीत नव्हती. तिथे ‘बदली’ कामगार होता. तो रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही आणि कायम कामगाराने खाडा केला तर त्याला काम मिळे. ‘खाडा’ हा अस्सल मराठी शब्द आहे, आणि खाडा कामगार करतो. ब्रेक कंपनी देते. दिवस दोन्हीकडे बुडतात. ते कुणी बुडवले, एवढाच फरक आहे. त्या फरकासाठी जुना शब्द नव्हता, म्हणून नवा आला.

दोन ब्रेक

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची स्पेलिंगे वेगळी आहेत. एक तोडणारा ब्रेक, दुसरा गाडी थांबवणारा ब्रेक. जवसाच्या काड्या चेचून धागा मोकळा करण्याच्या अवजारालाही इंग्रजीत दुसरा ब्रेकच म्हणत, आणि तो शब्द तोडण्याच्याच कुळातला आहे. चाक थांबवणाऱ्या ब्रेकचे मूळही तिथे असावे, असे अनेक कोशकार मानतात. जुन्या इंग्रजी बायबलात तर पहिल्या क्रियापदाचे भूतकाळी रूप दुसऱ्याच्या स्पेलिंगने छापलेले आढळते. तात्पर्य, स्पेलिंगने लांब ठेवलेले हे दोघे जवळचे नातलग आहेत.

मराठीत गाडीचा ब्रेक आधी रुळला. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. गाडीच्या शेवटी गार्डचा डबा असे, तो ब्रेक-व्हॅन. पुढे सायकल, एस.टी. आणि ट्रॅक्टर यांबरोबर हा शब्द बैलगाडीच्या वाटेपर्यंत पोचला. दुसरा ब्रेक बराच नंतर, कारखान्यांच्या हजेरीबरोबर आला. देवनागरीत दोन्ही एकाच पद्धतीने लिहिले जातात आणि आपल्या तोंडी त्यांचा उच्चारही एकच.

त्यामुळे एक गंमत झाली, आणि ती गंमतच राहिली नाही. टाइम ऑफिसात आम्ही “ब्रेक दिला” म्हणत असू. गावातल्या बायका मात्र म्हणतात, “पोराला ब्रेक लागला.” पहिल्यांदा मला ती चूक वाटली, कारण ‘लागतो’ तो गाडीचा ब्रेक. नंतर नीट ऐकले तेव्हा लक्षात आले, की त्यांना नेमके तेच म्हणायचे होते. पोराचे बरे चालले होते, मुलगी बघायला सुरुवात झाली होती, गाडीचे हप्ते सुरू होते, आणि सगळ्यालाच ब्रेक लागला. इंग्रजी स्पेलिंगने वेगळे केलेले दोन शब्द आमच्या गावच्या बायकांनी कोश न उघडता पुन्हा एकत्र आणले. याच पट्ट्यात गाड्यांचे ब्रेक बनवणारे कारखानेही आहेत, आणि तो ब्रेक बनवणाऱ्या हातांनाही सात महिन्यांनी ब्रेक लागतो.

देणे, घेणे, मिळणे, लागणे

मराठी इंग्रजी क्रियापद उचलते तेव्हा त्याचे नाम करते आणि मागे आपले क्रियापद जोडते. पास होणे, फिट करणे, चेक करणे हे सगळे असेच. म्हणून खरा अर्थ मागच्या मराठी क्रियापदात असतो. ‘ब्रेक’ची यादी मी अशी केली आहे :

हिंजवडीतला संगणक अभियंता ब्रेक घेतो. तो थकलेला असतो, हिमालयात जाऊन येतो, आणि परतल्यावर त्याला नोकरी असते. चित्रपटातल्या नटाला ब्रेक मिळतो, म्हणजे पहिली मोठी संधी मिळते. दूरदर्शन संचावर निवेदक ब्रेक घेतो, तेव्हा जाहिराती येतात. कॉलेजातल्या पोरांचा ब्रेकअप होतो. वर्कशॉपमध्ये यंत्र ब्रेकडाउन होते, आणि तेव्हा मेंटेनन्सची माणसे धावत येतात, मिनिटामिनिटाचा हिशेब लिहिला जातो. आणि कंत्राटी कामगाराला ब्रेक देतात.

इंग्रजीत कुणाला ‘ब्रेक देणे’ म्हणजे त्याला सवलत देणे, थोडे सांभाळून घेणे. आमच्याकडे शब्दशः तोच प्रयोग, पण अर्थ अगदी उलटा. देणारा कंपनीत बसतो, घेणाऱ्याला घ्यावेच लागते. सुपरवायझर तोंडाने ‘दिला’ असेही म्हणत नाही, तो म्हणतो, “तुझा ब्रेक झाला.” जणू महिना झाला, पाळी झाली, तसा ब्रेक झाला. कामगार म्हणतो, “ब्रेक लागला.” आग लागते, ठेच लागते, दृष्ट लागते. या सगळ्यांत करणारा दिसत नाही. मी स्वतः ती यादी टाइप करीत असे, म्हणून मला माहीत आहे की करणारा होता. यादीला तारीख होती, खाली सही होती. वाक्यात तेवढा तो राहिला नाही.

दोनशे चाळीस

आता हा ब्रेक का देतात ते पाहू. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-ब मध्ये सलग सेवेची व्याख्या होती. मागच्या बारा महिन्यांत ज्याचे २४० दिवस काम भरले, त्याची सेवा एक वर्ष सलग झाली असे तो कायदा मानत असे. त्याला कमी करायचे तर कलम २५-फ नुसार एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागत असे. आपल्या राज्यात याच्या पुढचेही एक पाऊल आहे. १९५९ च्या मुंबई औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) नियमांबरोबरच्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद आहे, की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत एकूण २४० दिवसांची अखंडित सेवा दिली तर त्याला लेखी आदेशाने कायम करावे. हंगामी कारखान्यांसाठी हा आकडा १९० आहे.

‘परमनंट’ या शब्दाला आमच्याकडे जे वजन आहे ते या २४० मधून आलेले आहे. मुलीचा बाप आधी पगार विचारत नाही, “परमनंट आहे का?” एवढेच विचारतो.

टाइम ऑफिसातले गणित असे असते. १ जानेवारीला मुलगा रुजू झाला आणि त्याने एकही खाडा केला नाही, तर लीप वर्ष नसल्यास २८ ऑगस्टला त्याचे २४० दिवस भरतात. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या पगारी सुट्ट्याही या मोजणीत धराव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात १९८५ साली दिला. त्याआधी अनेक ठिकाणी फक्त प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजत. म्हणून धोका नको या हिशेबाने सात महिन्यांची रेघ पडली. ३१ जुलैला २१२ दिवस होतात. वर अठ्ठावीस दिवसांची मोकळी जागा राहते. चाकण पट्ट्यातले ‘सात महिने’ हे असे जन्माला आले.

यात एक बारकावा आहे आणि तो बहुतेक मुलांना माहीत नसतो. कलम २५-ब मधले २४० दिवस ओळीने भरावे लागत नसत. मागच्या बारा महिन्यांची बेरीज बघायची असते. म्हणजे सात महिन्यांनंतर आठ-पंधरा दिवसांचा ब्रेक देऊन त्याच कंपनीत परत घेतले, तर बेरीज थांबत नाही. पुढच्या दीड-दोन महिन्यांत २४० भरतातच. ते भरू द्यायचे नसतील तर वर्षातले किमान १२६ दिवस माणूस बाहेर ठेवावा लागतो. हे परवडत नाही. म्हणून ब्रेकनंतर मुलगा तोच, मशीन तेच, पण कंत्राटदार बदलतो, गेटपासचा नंबर बदलतो, कागदावरचा मालक बदलतो. नाही तर मुलगाच दुसऱ्या कंपनीत जातो आणि तिथला मुलगा याच्या जागी येतो. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांतल्या खोल्यांमध्ये लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याची मुले अशी कंपन्या फिरत असतात. खोली तीच, डबा त्याच खाणावळीचा, ओळखपत्राची दोरी तेवढी निळ्याची लाल होते.

कायदे करणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात, चौथ्या अनुसूचीच्या सहाव्या बाबीत, कामगारांना कायमपणाच्या हक्कापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. २००६ साली उमादेवी खटल्याच्या निकालाने सरकारी नोकरीतल्या तात्पुरत्यांचा कायम होण्याचा मार्ग अरुंद झाला. तेव्हा ही बाबही निकालात निघाली, असे बरेच जण म्हणू लागले. २००९ साली एस.टी. महामंडळ विरुद्ध कास्ट्राइब संघटना या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास औद्योगिक न्यायालयाचा अधिकार अबाधित आहे. हक्क कागदावर शिल्लक आहे. तो सिद्ध कसा करायचा, हा प्रश्न वेगळा, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

ब्रेकचे इतरही हिशेब असतात. राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. वेळ चुकलेला ब्रेक तिथेही आडवा येतो. उपदानासाठी १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षे मागितली, तिथवर तर हा मुलगा पोचतच नाही. बोनसच्या बाबतीत मात्र गैरसमज फार आहे. दिवाळीच्या आधी ब्रेक झाला म्हणजे बोनस गेला, असे मुले धरून चालतात. १९६५ च्या बोनस कायद्यात पात्रतेसाठी वर्षात ३० दिवस काम पुरत होते. जुलैत ब्रेक झालेल्याचाही त्याच्या दिवसांपुरता बोनस होतो. तो मागायला गेटवर परत जावे लागते, आणि गेटपास तर जमा झालेला असतो.

खंड

सरकारी मराठीत ब्रेकला शब्द आहे : सेवाखंड. सरकारी कचेऱ्यांत अकरा महिन्यांचे करार होतात, मध्ये एक-दोन दिवसांचा ‘तांत्रिक खंड’ असतो, आणि नशीब चांगले असेल तर पुढे ‘सेवेतील खंड क्षमापित’ होतो. ‘क्षमापित’ या शब्दाकडे पाहा. खंड पाडला कार्यालयाने, आणि क्षमा कर्मचाऱ्याला.

आमच्या भागात ‘खंड’ हा शब्द कारखान्यांच्या फार आधीपासून तीन ठिकाणी ऐकू येई. पहिले ठिकाण पाऊस. पावसाने खंड दिला, असे आजही म्हणतात. खरिपाच्या बाजरीला तो कोणत्या आठवड्यात पडतो यावर वर्ष ठरे. दुसरे ठिकाण वारी. इंद्रायणीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी, आणि मध्ये आमची गावे. “वारीत खंड पडू दिला नाही” हे माणसाबद्दल बोलता येईल असे सर्वांत चांगले वाक्य होते. २०२० साली साथीमुळे पायी सोहळा झाला नाही आणि पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, तेव्हा आमच्या आळीतल्या एका वारकरी आजींनी दोन दिवस अन्न घेतले नाही. सलगपणाला इतकी किंमत देणारी ही माणसे आहेत.

तिसरे ठिकाण सातबारा. त्यावर कुळाच्या नावाबरोबर ‘खंड’ असा रकाना असे. तिथे खंड म्हणजे जमीन कसण्याबद्दल मालकाला द्यायची ठरलेली रक्कम किंवा धान्य. अर्थ निराळा, पण माझ्या शोधात हे दोन खंड एकमेकांशेजारी येऊन बसले.

१९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना आणली. १ जानेवारी १९३८ पूर्वी ज्याने तीच जमीन सलग सहा वर्षे कसली, त्याला संरक्षण मिळाले. पुढे १ जानेवारी १९४५ ही तारीखही जोडली गेली. १९४८ साली नवा कूळ कायदा झाला, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमिनीवर होता तो तिचा मालक मानला जाणार होता. म्हणजे तेव्हाही हक्क सलगपणावर उभा होता. साहजिकच ज्याला तो हक्क निर्माण होऊ द्यायचा नव्हता त्याने सलगपणावरच घाव घातला. कुळे बदलली गेली, कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे घेतले गेले. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने ती १९५७ साली प्रसिद्ध केली. कायद्याचे संरक्षण आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतले अंतर त्या पाहणीत दिसते.

महसुलाच्या भाषेत जमिनीवरचा हक्क सोडण्याच्या कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. आज तो शब्द नोकरी सोडण्याला उरला आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर विसरलो असतो. औद्योगिक वसाहतीसाठी आमच्या भागात भूसंपादन सुरू झाले तेव्हा जो-तो जुने उतारे काढायला राजगुरुनगरला जाऊ लागला. मीही गेलो. एका जुन्या फेरफारात माझ्या आजोबांचे नाव कूळ म्हणून होते, खंडाच्या रकान्यात मणांचा आकडा होता, आणि १९५५ च्या नोंदीत तेच नाव कंस करून कमी केलेले होते. कारण लिहिले होते, राजीनामा. खाली अंगठा. आजोबा आम्हाला सांगत की त्या साली मालकाने एक वर्ष थांबायला सांगितले होते, पुढच्या साली परत देणार होते. आजच्या शब्दात सांगायचे तर ब्रेक दिला होता. कृषक दिन दोन वर्षांनी आला. आणखी पन्नासेक वर्षांनी त्या जमिनीचा मोबदला वाटला गेला तेव्हा यादीत आमचे नाव असण्याचे कारणच नव्हते.

तो उतारा हातात घेऊन मी कचेरीच्या पायरीवर बसलो होतो, पण मला आजोबांची आठवण नंतर आली. आधी आठवला माझ्या टेबलाचा उजव्या हाताचा खण. त्यात नव्या मुलांनी रुजू होतानाच सह्या करून दिलेले कोरे राजीनामे असत. सात महिने झाले की मी त्यांवर तारीख घालीत असे. मजकूर छापलेलाच होता : घरगुती कारणास्तव, स्वखुशीने. सहा-सात वर्षे मी ते काम केले. त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नव्हते, असे लिहिणे खोटे होईल. वाटत होते, पण माझी स्वतःची नोकरी परमनंट होती.

ब्रेकच्या पुढे

आता ‘ब्रेक’ हा शब्दही मागे पडेल अशी चिन्हे आहेत. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनचा २००९ साली, आणि निघोजे हद्दीतला महिंद्राचा २०१० साली. या दहा-बारा वर्षांत पट्ट्याचे रूप पालटले आणि पुरवठादार कारखान्यांची रांग लागली. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ नावाची प्रशिक्षणार्थी योजना आणली. त्यानंतर आमच्या चौकातली बरीच मुले ‘ऑपरेटर’ची ‘ट्रेनी’ झाली. प्रशिक्षणार्थी हा कामगार नव्हे, त्याला पगार नव्हे विद्यावेतन. म्हणून त्याचे दिवस भरत नाहीत, आणि जे दिवस भरतच नाहीत ते तोडण्याची गरजही नसते.

२०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांत ‘मुदतबंद सेवा’ हा सरळ प्रकार आहे. मुदत संपली की नोकरी संपली, त्याला कामगारकपात म्हणायचे नाही. याची दुसरी बाजूही सांगायला हवी : मुदतबंद कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि सवलती द्यायच्या आहेत, आणि उपदानासाठी पाच वर्षांऐवजी एक वर्ष पुरणार आहे. ब्रेकपेक्षा हे बरे, असे काही जुन्या कामगार कार्यकर्त्यांचेही मत मी ऐकले आहे. निदान कागदावर तारीख आधी लिहिलेली असते, कोऱ्या राजीनाम्यावर मागून घालावी लागत नाही. पण ‘परमनंट’ हा शब्द त्या व्यवस्थेत कुठे बसतो, ते आमच्या चौकातल्या कुणालाच सांगता आलेले नाही.

आता राहिलेला प्रश्न. २४० दिवस भरले हे सिद्ध कोणी करायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हदिमानी खटल्यात सांगितले, की तो भार कामगारावर आहे. “मी काम केले” एवढे शपथेवर सांगून भागत नाही. पुरावा हवा. पुरावा म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक, गेटपास. हजेरीपट टाइम ऑफिसात असतो आणि गेटपास ब्रेकच्या दिवशी जमा करून घेतात. माझ्या आजोबांकडेही त्यांनी कसलेल्या वर्षांचा एक कागद नव्हता. सगळे कागद दुसऱ्याच्या खणात होते.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा एकच सार्वत्रिक क्रमांक माणसाबरोबर फिरतो. त्याचे पासबुक मोबाइलवर उघडते. गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याचे पासबुक आम्ही दोघांनी मिळून पाहिले. पाच वर्षांत चार मालक, आणि मध्ये मध्ये रिकामे महिने. त्या रिकाम्या महिन्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, “काका, हा ब्रेक, हा ब्रेक, आणि हा पण.” दोन मालकांच्या नावांखाली त्याने काम केले ते मशीन एकच होते, हेही त्याने सांगितले. ते पासबुकात नाही.

मी त्याला दोनशे पानी वही आणून दिली. रोजची तारीख, पाळी, मशीनचा नंबर, सुपरवायझरचे नाव, आणि गेटपासचा फोटो कुठे ठेवला त्याची नोंद. टाइम ऑफिसात आम्ही जे रकाने आखत होतो तेच आखून दिले. त्याच्या खोलीतल्या आणखी दोघांनी तशाच वह्या मागितल्या. न्यायालयात त्या कितपत टिकतील ते वकील सांगतील. पण हजेरी आता दोन ठिकाणी लिहिली जाते आहे, आणि त्यांतली एक वही त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत आहे.